घराच्या पायासाठी माती मिसळू नका

प्रश्न : परभणी जिल्ह्यात आमचं काळं रान आहे. वरच्या बांधाला विहीर, खाली ओढा. मधे घर बांधायचंय. शेजाऱ्यांच्या नव्या घराला खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा गेल्यात. पिकासाठी करतो तशी आठ ठिकाणची माती एकत्र करून तपासली तर पायासाठी चालेल का?

उत्तर : नाही चालणार. खताची मात्रा ठरवायला रानाची सरासरी लागते, म्हणून तिथे माती मिसळतात. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. घराच्या एका कोपऱ्याखालची माती फुगली आणि दुसऱ्याखालची जागेवर राहिली की भिंत चिरते. तुम्हाला हा फरकच शोधायचाय आणि मिसळताना नेमका तोच हरवतो. घरासाठी आयुष्याची पुंजी लावणाऱ्या माणसाच्या हाती एका पिशवीचा एकच आकडा ठेवलेला पाहिला की मला फार वाईट वाटतं.

आधी विहिरीच्या कडा नीट बघा. काळी किती खोल, चुनखडीचे खडे कुठे सुरू होतात, मुरूम कुठे लागतो, ते लिहून घ्या. उतारावरची बारीक चिकणमाती पावसाने खाली वाहत येते, त्यामुळे बांधाकडे मुरूम लवकर लागतो आणि ओढ्याकडे काळी खोल जाते. एकाच घराखाली दोन्ही सापडू शकतं.

मग घराचा आराखडा फक्कीने आखा. चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर खड्डे घ्या. दर अर्ध्या मीटरला, शिवाय रंग बदलेल तिथे, वेगळी पिशवी भरा. तिच्यावर जागा आणि खोली लिहा. मुरूम लागेपर्यंत, नाहीतर साधारण साडेतीन मीटरपर्यंत जा. खालचं ढेकूळ फोडून बघा. आतली बाजू घासल्यासारखी चकाकत असेल, तर ती माती फुगताना-आकसताना स्वतःवरच घसरलेली असते.

प्रयोगशाळेत प्रत्येक पिशवीची मुक्त फुगवण चाचणी मागा. दहा ग्रॅम कोरडी, चाळलेली माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. रॉकेलमध्ये 12 मिलिलिटर आणि पाण्यात 24 भरली, तर फुगवण 100 टक्के. शेजारच्या दोन खड्ड्यांचे आकडे फार वेगळे आले तर मधोमध आणखी एक घ्या. पाया मुरमात न्यायचा की बुडाशी रुंद केलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब, घालायचे, हे इंजिनिअरने त्यानंतरच ठरवावं.

आणि खोल खड्ड्यात माणूस उतरवू नका, काळी माती कडेने ढासळते. कमरेच्या खाली गेलात की ऑगर, म्हणजे वरून फिरवून माती काढायचं गिरमिट, लावा.