लेडीबगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : पाच वर्षांच्या मुलीला पानावरचा लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा दाखवताना मराठीत त्याला काय म्हणावं? आणि 'डिंभ' (अळी), 'शृंगिका' (कीटकाच्या डोक्यावरच्या लांब मिशा) असले शब्द तिला आत्ताच सांगावेत का?

ढालकिडा म्हणा. शेतीविषयक मराठी लेखनात हा शब्द चांगला रुळला आहे. 'चित्रांग भुंगेरा' हेही त्याचंच नाव आणि कानाला गोड, पण माझी पसंती ढालकिड्याला, कारण त्या नावात त्याची शरीररचनाच आली. पाठीवरचं लाल कवच म्हणजे टणक झालेली पंखांची पुढची जोडी. उडताना ही ढाल मधोमध उघडते आणि खाली घडी करून ठेवलेले पातळ पंख बाहेर येतात. मुलीनं हे एकदा पाहिलं की नाव वेगळं पाठ करायला नको. भुंगेऱ्यांच्या साऱ्या गणालाच मराठीत ढालपंखी म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव कोलिऑप्टेरा. मूळ ग्रीक अर्थ 'म्यानासारखे पंख असलेले'. तिथे म्यान दिसलं, आपल्याकडे ढाल!

'लेडीबग'मधली लेडी म्हणजे येशूची आई मेरी. 'बग' मात्र फसवा आहे. कीटकशास्त्रात तो शब्द ढेकणाच्या गणातल्या, सोंडेनं रस शोषणाऱ्या कीटकांसाठी राखलेला आहे. ढालकिडा तर मावा, म्हणजे पिकावरची एक बारीक कीड, चावून खातो.

त्याला 'कीड' तेवढं म्हणू नका. कीड लागते, नासाडी करते. हा पिकावरची कीड फस्त करणारा. कीड, किडा आणि कीटक यांतला हा फरक मुलांना पहिल्यापासून कळावा असं मला फार वाटतं.

आता अवस्थांचे शब्द. अंडं, अळी, प्रौढ हे सरळ आहेत. 'डिंभ' ग्रंथांत असू द्या, अळी पुरते. ही अळी काळपट, लांबुडकी असते, आईबापांशी तिचं काहीच साम्य नसतं, म्हणून ती मुद्दाम दाखवा. अडचण आहे ती 'कोष' या शब्दाची. रेशमाचा किडा स्वतःभोवती धागा गुंडाळतो, त्या वेष्टनाला कोष म्हणणं बरोबर. ढालकिड्याची अळी असलं काही विणत नाही. पानाला चिकटते, शेवटची कात टाकते आणि तशीच उघड्यावर निश्चल राहते. तेव्हा 'अळी कोषात गेली' असं न म्हणता 'अळीचं कोशित झालं' म्हणा. शब्द नवा वाटेल, पण मुलं 'ट्रायसेराटॉप्स' म्हणतात, त्यांना कोशित काय जड!

शृंगिकेची मात्र घाई नको. शृंग म्हणजे शिंग, आणि शिंगं टक्कर द्यायची. हा अवयव वास घेतो, चाचपडतो. झुरळाच्या मिशा म्हणतो तसं इथेही 'मिशा'च म्हणू द्या. मांजराच्या मिशाही चाचपडण्याच्याच कामाच्या असतात.

मृगाचा मखमली लाल किडा दिसला तर त्यालाही ती ढालकिडा म्हणेल. तेव्हा पाय मोजायला सांगा. ढालकिड्याला सहा, म्हणून तो कीटक. मखमलीवाल्याला आठ, तो कोळ्याच्या गोतावळ्यातला.