आईच्या रक्तात कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं मजबूत आहेत ना?

नाही, तसं समजू नका, रिपोर्टवरचा ९.४ हा आकडा रक्ताचा आहे, हाडांचा नाही. शरीरातलं जवळपास ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, रक्तात फिरतं ते चिमूटभर. पण त्या चिमटीवर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आखडणं-सैलावणं, रक्त गोठणं असं सगळं चालतं, म्हणून शरीर ते ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास घट्ट धरून ठेवतं. जेवणातून कमी पडलं की गळ्यात थायरॉइडच्या मागे बसलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉइड ग्रंथी (साधारणपणे चार असतात) हाडांतून कॅल्शियम काढायला लावतात. एफडी मोडून घरखर्च चाललेला असतो आणि बचत खात्यात शिल्लक मात्र छान दिसते! मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, रिपोर्ट घेताना हा गैरसमज खिडकीवर सारखा ऐकू येतो.

हाडं बघायची तर डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा खास एक्स-रे. त्यात टी-स्कोअर (निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करून दिलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. तुमच्या आई ६६ वर्षांच्या आहेत, पाळी कधीच गेलेली, म्हणजे तो करण्याचंच वय आहे. सोबत व्हिटॅमिन डी पण बघा.

रक्तातला आकडा अगदीच बिनकामाचा नाही हं. तो ११-१२ वर गेला तर ‘भरपूर कॅल्शियम आहे’ म्हणून खूश होऊ नका, पॅराथायरॉइडचाच घोळ असू शकतो. तेव्हा मनाने गोळ्या चालू न ठेवता डॉक्टरांना दाखवा.