मलालाले नव्या शाळेत करमलं असंल काय?

प्रश्न : ताई, मी दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातली. मानव विकासची निळी बस, पोरींना शाळेत नेणारी एसटी, आमच्या फाट्यावर थांबत नव्हती म्हणून आम्ही पोरींनी सह्या गोळा करून आगारात निवेदन दिलं, बस थांबाले लागली, पेपरात फोटो आला, सारे मले गावची मलाला म्हणत. आता अकरावी सायन्सले अमरावतीत मामाकडं राहून राहिली. इथं कोणी ओळखत नाही, सारं इंग्लिशमधून, मी बोलली की मागचे पोट्टे हसतात. मलाला तर डायरेक्ट इंग्लंडच्या शाळेत गेली, तिले कसं जमलं?

उत्तर : अगं, लगेच नाही जमलं तिलाही. आपण तिची गोळी सांगतो आन् नोबेल सांगतो, मधली शाळा कोणी सांगतच नाही. पोरींनी शिकावं म्हणून बोलायची, त्यापायी ९ ऑक्टोबर २०१२ ला पाकिस्तानातल्या स्वातमध्ये शाळेच्या गाडीत तिला गोळी घातली, आठवडाभरात बर्मिंगहॅमला हलवलं, फेब्रुवारी २०१३ मध्ये डोक्यात टायटॅनियमची प्लेट अन् कानात ऐकायचं यंत्र बसवलं, आणि मार्चमध्ये पोरगी एजबॅस्टन हायस्कूलच्या वर्गात जाऊन बसली पण! तू स्वतः फॉर्म भरून गेलीस, तिला तर कोणी विचारलंही नव्हतं, शुद्धीवर आली ती परक्या देशातच.

आता बघ, तुझं दुखणं हे की कोणी ओळखत नाही, तिचं बरोबर उलटं. सगळे ओळखत होते पण कार्यकर्ती म्हणून. स्वातला वडिलांच्याच शाळेत ती नुसती मलाला होती, बोटं उलटी वाकवून दाखवणारी, जोक सांगणारी, आणि बर्मिंगहॅमला मैत्रीण म्हणून जवळ यायलाच पोरींना वेळ लागला. गावाकडच्या मैत्रिणीशी, मोनिबाशी, ती स्काइपवर तासन्‌तास बोलायची. त्यामुळे तुला कोणी ओळखत नाही हे मला तर बरंच वाटते, हारतुरे घालणारी मोठी माणसं लेकराला अभ्यास करू देत नाहीत बाप्पा.

अभ्यास मात्र तिनं सोडला नाही. १० ऑक्टोबर २०१४ ला नोबेल जाहीर झालं तेव्हा ती केमिस्ट्रीच्या तासाला होती, विद्युत अपघटन चालू होतं, टीचरनं बाहेर बोलावून सांगितलं, तरी घरी न जाता पुढचे फिजिक्स आणि इंग्लिशचे तास करूनच बाईसाहेब भाषणाला गेल्या. २०१५ ला तिथल्या दहावीसारख्या परीक्षेत सहा विषयांत ए स्टार आणि चारांत ए, मग २०१७ ला ऑक्सफर्ड.

तुझ्यासाठी सांगते, दहावीचं मराठीतलं विज्ञान रद्दीत घालू नको, अकरावीचा धडा समजला नाही तर आधी त्यातलं वाच, मग इंग्लिश. तास संपल्यावर सरांना थांबवून मराठीतून विचार, त्यांनाही बहुतेक तेच सोपं जाते. पोट्ट्यांचं हसणं पहिल्या युनिट टेस्टपर्यंतच चालते, मग त्यांनाच टेन्शन येते.

बसचं काम तू एकटीच बघत होतीस का? तसं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीतल्या दोघींना घेऊन आगारात जा, तिथल्या साहेबांशी ओळख करून दे आणि निवेदनाची झेरॉक्स त्यांच्याकडे दे, कारण ड्रायव्हर बदलला की फाटा परत विसरतात.