एफडी मोडून जुनी शिकारीची चित्रं घ्यावीत का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई सांगलीत गावभागात राहतात, घर तळमजल्यावर, मार्केट यार्डात हळदीची अडत. एका जुन्या वाड्यातलं सामान विकायला निघालंय, त्यात 'ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स' या जुन्या इंग्रजी पुस्तकातली शिकारीची ६ चित्रं आहेत, फ्रेमसकट १ लाख ८० हजार. विकणारा म्हणतो पाच वर्षांत डबल. पैसे मुलीच्या ॲडमिशनच्या एफडीतून काढायचे, ॲडमिशन दोन वर्षांवर.

ताई, एफडीला हात लावू नका. फीची तारीख आली की पैसा त्याच दिवशी लागतो, आणि चित्रांचं कसंय, घेताना विकणारा दारात उभा असतो पण विकताना गिऱ्हाईक आपण शोधत फिरायचं, सांगलीत मिळणं अवघड, मुंबईला लिलावात पाठवा तर वाहतूक गेली, कमिशन गेलं आणि बोली लागेलच असंही नाही. परदेशात विकू म्हणाल तर १०० वर्षांवरची कलावस्तू १९७२ च्या कायद्यानं खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. त्या विकणाऱ्यालाच विचारा, पुढच्या महिन्यात परत घ्याल का, कितीला? तो जो आकडा सांगेल तोच हिशोबात धरा.

चित्रं अस्सल असतील तर काम फार देखणं आहे हो. कॅप्टन थॉमस विल्यमसनच्या स्केचेसवरून सॅम्युएल हॉविटनं काढलेली, लंडनच्या एडवर्ड ऑर्मनं १८०७ ला छापलेली ४० ॲक्वाटिंट, म्हणजे तांब्याच्या प्लेटवरून छापलेली चित्रं, हातानं रंगवलेली. म्हणजे ६ चित्रं हा काही पूर्ण सेट नाही. फ्रेम उघडायला लावा आणि १० पट भिंगातून बघा, ठिपके एकसारखे रांगेत दिसले तर ऑफसेट मशीनवर छापलेली नक्कल, ॲक्वाटिंटचा दाणा बारीक आणि वेडावाकडा असतो. तांब्याच्या प्लेटचा दाब कडेला बोटाला लागतो, पण समास कापले असतील तर तो गेलेला असतो आणि त्याबरोबर किंमतही. कागद उजेडासमोर धरा, वॉटरमार्कमध्ये कधी कधी वर्ष असतं, ते १८०७ च्या पुढचं निघालं तर प्रत मागाहूनची. तपकिरी डाग, पुठ्ठ्यानं पडलेली पिवळी कड, उडालेला रंग, या सगळ्यानं भाव पडतो.

आणि तुमचं घर तळमजल्यावर. २०१९ आणि २०२१ चं पाणी गावभागाला सांगायला नको. भिजलेला कागद पूर्वीसारखा होत नाही, म्हणून ठेवायचीच तर वरच्या मजल्यावर, ओल नसलेल्या आतल्या भिंतीला, उन्हापासून लांब. पुठ्ठा ॲसिड-फ्री, काच उन्हातले यूव्ही किरण अडवणारी, सेलोटेप अजिबात नको, लॅमिनेशन तर नाहीच नाही. हा खर्च किमतीत धरला का तुम्ही? भारत गृह रक्षा या घराच्या विमा पॉलिसीत चित्रांसाठी वेगळं कव्हर मागून घ्यावं लागतं, आपोआप मिळत नाही.

टॅक्सचं एवढंच, चित्रं टॅक्समधून सुटणाऱ्या घरगुती सामानात धरत नाहीत, दोन वर्षांनंतर नफ्यानं विकली तर नफ्यावर १२.५ टक्के कॅपिटल गेन टॅक्स.

मन लागलंच असेल तर यंदाच्या सीझनच्या शिलकीतून एकच घ्या, सगळ्यात कमी डागाचं, सगळ्यात आवडीचं, आणि तो खर्च म्हणूनच वहीत लिहा. पावतीवर चित्राचं नाव, साल, 'मूळ ॲक्वाटिंट' असं लिहून घ्या, आणि तो फ्रेम उघडू देत नसेल तर तिथूनच माघारी फिरा.