बँकॉकला एकटंच बॅकपॅक घेऊन जायचंय, कितपत सेफ आहे?

म्हापशाहून पहिल्यांदाच एकटा बाहेर निघालायस म्हणतोस, तर मारामारी-लुटालुटीचं टेन्शन फार घेऊ नकोस, बँकॉकमध्ये जपायचं ते गोड बोलणाऱ्यांपासून. ग्रँड पॅलेसच्या बाहेर एखादा इस्त्रीच्या शर्टातला माणूस हसत येऊन सांगतो की आज पॅलेस बंद आहे, आत काहीतरी पूजा चाललीय, आणि लगेच अगदी फुकटात शहर फिरवणारा टुकटुक उभा करतो, तो जातो थेट रत्नांच्या नाहीतर सूट शिवणाऱ्याच्या दुकानात. बंद आहे की नाही ते गेटवर जाऊनच बघायचं, बास.

आपल्या गोव्यातल्या पायलटांसारखे, म्हणजे मोटारसायकलवर भाड्याने नेणाऱ्यांसारखे, तिथे केशरी जॅकेटवाले मोटारसायकलवाले असतात, बसण्याआधी भाडं ठरव आणि हेल्मेट माग. स्वतः स्कूटर घेणार असशील तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून ने, त्याच्याशिवाय अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. आणि पासपोर्ट डिपॉझिट म्हणून मागितला की दुसरं दुकान बघ, नाहीतर स्कूटर परत देताना जुने ओरखडेपण तुझ्याच नावावर.

खाओसान रोड या बॅकपॅकरांच्या रस्त्यावरून सुटणाऱ्या स्वस्त नाईट बसच्या डिकीत कॅश, लॅपटॉप ठेवू नको, जमलं तर स्लीपर ट्रेनच घे. वेप (ई-सिगारेट) मात्र घरीच ठेव, तिकडे बंदी आहे. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, इंग्लिश चालतं.