प्रश्न तुमचे : सेफ्टी ऑडिटचं पत्र आलंय

अमेरिकेत लहान ट्रक कंपनी चालवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सगळे फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएमसीएसए, करत असलेल्या तपासणीबद्दल आहेत. उत्तरं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्यांसाठी आहेत. फक्त राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्यांनी आपल्या राज्याचे नियम वेगळे पाहावेत.

प्रश्न : डीओटी नंबर (कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांक) घेऊन सात महिने झाले. तीन ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारे ट्रक), तीन ट्रेलर, तीन ड्रायव्हर. आता ऑडिटचं पत्र आलं आहे. तयारीला सुरुवात कुठून करायची? आधी गाड्यांचे ब्रेक-टायर करून घ्यावेत का?

ब्रेक-टायर ऑडिट असो-नसो, करायचेच. पण नव्या कंपनीचं ऑडिट हे मुख्यतः कागदांचं असतं, आणि बऱ्याचदा कागद ऑनलाइन अपलोड करूनच होतं. नव्या कंपनीवर १८ महिने देखरेख असते आणि हे ऑडिट साधारण पहिल्या १२ महिन्यांत होतं, म्हणजे तुमचं पत्र वेळेवरच आलंय. त्याला फी नसते. ‘ऑडिट फी भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

थेट नापास करणारी १६ कारणं नियमात दिली आहेत. ड्रग-अल्कोहोल चाचणीची व्यवस्थाच नसणं, रँडम, म्हणजे अचानक नाव काढून होणाऱ्या, चाचण्या नसणं, लायसन्स निलंबित झालेला किंवा वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ड्रायव्हर गाडीवर असणं, पुरेसा विमा नसणं, रस्त्यावरच्या तपासणीत ‘आउट ऑफ सर्व्हिस’ ठरवलेली गाडी दुरुस्तीआधी चालवणं ही त्यांतली काही. यांतलं एक पुरतं.

ऑडिटर एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहतो. म्हणून सुरुवात एका तक्त्याने करा. प्रत्येक ड्रायव्हरसमोर तीन तारखा लिहा : नोकरीपूर्व ड्रग चाचणीचा निगेटिव्ह निकाल हातात आला ती, क्लिअरिंगहाउसवर, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग-अल्कोहोल उल्लंघनांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींत, पूर्ण क्वेरी (चौकशी) केली ती, आणि त्याने पहिला लोड उचलला ती. पहिल्या दोन तिसरीच्या आधी हव्यात. सॅम्पल सोमवारी दिलं, ड्रायव्हर मंगळवारी निघाला, निकाल गुरुवारी आला, तर निकाल निगेटिव्ह असूनही ते उल्लंघनच. लहान कंपन्या सर्वांत जास्त इथेच अडकतात, कारण लोड थांबत नाही आणि लॅबला घाई नसते.

विम्याचं थोडक्यात : १०,००१ पाउंड किंवा त्याहून अधिक वजनक्षमतेच्या गाडीने भाड्याने साधा माल नेणाऱ्याला किमान ७,५०,००० डॉलरचं दायित्व संरक्षण लागतं. घातक मालाला मालाच्या प्रकारानुसार १० लाख किंवा ५० लाख. एमसीएस-९० हा पुरवणी कागद एजंटकडून मागून फाइलला लावा. बऱ्याच जणांकडे पॉलिसी असते, हा कागद नसतो.

प्रश्न : ड्रायव्हरच्या फाइलमध्ये नेमकं काय लागतं? आमच्याकडे लायसन्स आणि मेडिकल कार्डची झेरॉक्स आहे.

तेवढ्याने भागणार नाही. नोकरीचा अर्ज हवा, आणि तो पूर्ण भरलेला. सीडीएल, म्हणजे जड गाड्यांचं व्यावसायिक लायसन्स, लागणाऱ्या ड्रायव्हरच्या अर्जात मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या नोकऱ्या आणि त्याआधीच्या सात वर्षांतल्या व्यावसायिक वाहनचालक म्हणून केलेल्या नोकऱ्या येतात. मध्ये रिकामे महिने दिसले तर त्या काळात काय केलं ते तिथेच लिहून घ्या. मागच्या तीन वर्षांत ज्या ज्या राज्याचं लायसन्स होतं, त्या प्रत्येक राज्याचा ड्रायव्हिंग रेकॉर्ड, ज्याला सगळे एमव्हीआर म्हणतात, तो लागतो. नोकरीला लागल्यापासून ३० दिवसांची मुदत असली तरी सीडीएल ड्रायव्हरचा मेडिकल दर्जा याच रेकॉर्डवरून पाहायचा असल्यामुळे तो गाडी हातात देण्यापूर्वीच काढा. पुढे दर १२ महिन्यांनी नवा काढायचा आणि वाचून पाहिल्याची तारीखवार नोंद, पाहणाऱ्याच्या नावासह, ठेवायची. नुसता छापून ठेवलेला एमव्हीआर म्हणजे अर्धं काम.

रोड टेस्टचं प्रमाणपत्र हवं, किंवा त्याऐवजी वैध सीडीएलची प्रत चालते. आधीच्या मालकांकडे केलेली चौकशीही हवी. मालकाने उत्तर दिलं नाही तर तुम्ही कधी, कुणाला, कसं विचारलं याची नोंद ठेवा. उत्तर न येणं हा तुमचा दोष धरला जात नाही. न विचारणं धरला जातो. सीडीएल लागत नसलेल्या ड्रायव्हरच्या फाइलला मेडिकल तपासणारा डॉक्टर राष्ट्रीय नोंदणी यादीत आहे हे पाहिल्याची चिठ्ठीही लावा, ती हमखास राहते. सीडीएल ड्रायव्हरसाठी ती जून २०२५ पर्यंत लागत होती.

ड्रायव्हरकडून वर्षाला स्वतःच्या उल्लंघनांची यादी लिहून घ्यायचा जुना फॉर्म २०२२ पासून लागत नाही. इंटरनेटवरच्या जुन्या चेकलिस्टमध्ये तो अजून दिसतो, सोडून द्या.

ड्रग-अल्कोहोलचे कागद याच फाइलमध्ये कोंबू नका. ते गोपनीय असतात, वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे २६,००० पाउंड क्षमतेचा एकच बॉक्स ट्रक आहे, मीच चालवतो. मला रँडम ड्रग चाचणीसाठी नावं काढली जातात त्या गटात नाव घालावं लागेल का?

नाही. ती अट सीडीएल लागणाऱ्या गाड्यांना आहे, आणि एकट्या गाडीसाठी ती रेषा २६,००१ पाउंडांवर आहे. पण ड्रायव्हर फाइल, गाडीची देखभाल, कामाच्या तासांचे नियम १०,००१ पाउंडांपासूनच लागू होतात, त्यामुळे स्वतःचीच फाइल स्वतः बनवावी लागेल. विचित्र वाटतं, पण नियम मालक आणि ड्रायव्हर यांना दोन माणसं समजतो. उद्या मोठ्या पिकअपमागे १०,००० पाउंडांहून जड ट्रेलर लावलात आणि दोन्हींची मिळून क्षमता २६,००१ झाली, तर सीडीएल आणि चाचणी दोन्ही लागतील. तेव्हा एकट्या मालक-ड्रायव्हरला स्वतःचा गट चालवता येत नाही, कन्सॉर्शियममध्येच, म्हणजे अनेक कंपन्यांच्या ड्रायव्हरांचा एकत्र गट चालवणाऱ्या संस्थेतच, जावं लागतं.

प्रश्न : कन्सॉर्शियमला वर्षभर पैसे भरतोय, पण आमच्या चार ड्रायव्हरांपैकी एकाचंही नाव रँडममध्ये निघालं नाही. ऑडिटमध्ये अडचण येईल?

येणार नाही. वर्षाला ५० टक्के ड्रग आणि १० टक्के अल्कोहोल हे प्रमाण संपूर्ण गटाला लागू असतं, तुमच्या चौघांना नाही. सदस्यत्वाचं प्रमाणपत्र, तुमच्या ड्रायव्हरांची नावं असलेली चालू यादी आणि गटाचा निवडीचा गोषवारा मागवून ठेवा. यादी मात्र नीट वाचा : सोडून गेलेला ड्रायव्हर तिच्यात आणि नवा बाहेर, हे सर्रास दिसतं. चौघांवर देखरेख करणाऱ्याला संशयावरून चाचणी कधी करायची याचं प्रशिक्षणही हवं, ६० मिनिटं अल्कोहोलवर आणि ६० मिनिटं ड्रग्जवर.

प्रश्न : सगळ्या गाड्यांत ईएलडी (गाडी चालवल्याचा वेळ आपोआप नोंदवणारं यंत्र) आहे. मग लॉगची, म्हणजे ड्रायव्हरच्या कामाच्या तासांच्या नोंदीची, काळजी उरतेच कुठे?

ईएलडी चाकं फिरल्याचं सांगतं. चाकं थांबली असताना ड्रायव्हर काय करत होता, हे तोच टाकतो, आणि चूक तिथेच सापडते. सहा महिन्यांचे लॉग आणि त्यांना आधार देणारे कागद ठेवायचे असतात : बिल ऑफ लेडिंग (माल उचलल्याची पावती), डिझेलच्या पावत्या, डिस्पॅचचे निरोप, पगाराच्या नोंदी. डिझेल भरल्याची पावती आहे आणि त्याच वेळी लॉगवर ‘स्लीपर बर्थ’ (गाडीतल्या बिछान्यावर विश्रांती), असं एक जोड सापडलं की खोटा लॉग ठरतो.

ताडून पाहताना टाइम झोन विसरू नका. लॉग होम टर्मिनलच्या (ड्रायव्हरच्या नेहमीच्या तळाच्या) वेळेने चालतो, पावती पंप असेल तिथल्या वेळेने. टर्मिनल न्यू जर्सीत आणि डिझेल न्यू मेक्सिकोत भरलं, तर पावतीवरचे संध्याकाळचे ७.१० म्हणजे लॉगवरचे रात्रीचे ९.१०. हा हिशेब न केल्यामुळे बरोबर असलेले लॉग ‘दुरुस्त’ करून बिघडवल्याची उदाहरणं असतात.

दुसरी जागा म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेलं ड्रायव्हिंग. मेकॅनिकने गाडी फिरवून पाहिली, यार्डात कुणी हलवली, किंवा ड्रायव्हर लॉग-इन न करता निघाला, की ते मैल तिथे जमा होतात. प्रत्येक नोंद त्या ड्रायव्हरला द्या किंवा कारण लिहा. ‘मेकॅनिकची टेस्ट ड्राइव्ह’ एवढंही चालतं, दुरुस्तीचं बिल त्या तारखेचं असेल तर. आठवड्याला दहा मिनिटांचं काम आहे, सहा महिन्यांचं एकदम करायला बसलात तर कुणालाच काही आठवत नाही. कार्यालयाने सुचवलेला बदल ड्रायव्हरने मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपोआप नोंदलेला गाडी चालवण्याचा वेळ कमी करता येत नाही. मूळ नोंदही तशीच राहते.

प्रश्न : गाड्यांची बिलं एका खोक्यात आहेत. तेवढं चालेल?

प्रत्येक ट्रॅक्टरची आणि प्रत्येक ट्रेलरची वेगळी फाइल करा. ट्रेलर विसरले जातात. पहिल्या पानावर गाडी क्रमांक, मेक, सिरियल नंबर, वर्ष आणि टायरचा आकार. पुढच्या देखभालीची तारीख काय, तीत काय करायचं, हेही. मग तारखेने लावलेली बिलं. गॅरेजवाल्याला बिलावर युनिट नंबर लिहायला सांगा, नाहीतर तीन सारख्या ट्रॅक्टरांत कोणत्याचे ब्रेक बदलले ते सिद्ध होत नाही. वार्षिक तपासणीचा अहवाल १४ महिने ठेवायचा. तपासणाऱ्याच्या पात्रतेचा कागदही गॅरेजकडून घ्या. रस्त्यावर तपासणी झाली असेल तर दोष दुरुस्त करून, सही करून अहवाल १५ दिवसांत परत पाठवायचा आणि प्रत १२ महिने ठेवायची. अपघात नोंदवही तीन वर्षांची. एकही अपघात नसला तरी ‘नाही’ लिहिलेलं पान ठेवा.

प्रश्न : एका ड्रायव्हरची क्लिअरिंगहाउस क्वेरी राहून गेली आहे. जुनी तारीख घालता येईल का?

क्वेरीवर तारीख पोर्टल स्वतः टाकतं, त्यामुळे प्रश्नच मिटतो. पण अर्जावर किंवा एमव्हीआर पाहिल्याच्या नोंदीवरही मागची तारीख घालू नका. उशीर हे एक उल्लंघन, बनावट नोंद हे वेगळं आणि जास्त गंभीर. ड्रायव्हरला गाडीवरून उतरवा, त्याची ऑनलाइन संमती घेऊन आजच क्वेरी करा, आणि चूक कधी लक्षात आली व पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे आजच्या तारखेने एका पानावर लिहा.

ऑडिटमध्ये नापास झालात तर साध्या मालाच्या कंपनीला सुधारणा दाखवायला ६० दिवस मिळतात, घातक माल किंवा प्रवासी नेणाऱ्यांना ४५. तेवढ्यात सुधारणा मान्य झाली नाही तर नोंदणी रद्द होऊन गाड्या उभ्या राहतात. नापास झाल्यावर त्या मुदतीत सुधारणेची जी योजना पाठवावी लागते, तिचा पहिला मसुदा म्हणजे हेच पान.