लेथचा नाद आणि बापाची धास्ती

पत्र: "सर, मी शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला आहे, २२ वर्षं झाली. पोरगा औंदा दहावी झाला, ८४ टक्के पडले. अकरावी सायन्स आणि सोबत क्लास असं आम्ही ठरवलंय, क्लासचा पहिला हप्ता या महिन्यात भरायचाय. पण पोराला लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कापायचं मशिन, घरी बनवायचा नाद लागलाय. घरामागच्या पत्र्याच्या शेडात दिवसरात्र तेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भंगारवाल्यांकडं हिंडत असतो. मागच्या महिन्यात १,४०० रुपये देऊन लेथचा फिरता दांडा, स्पिंडल, करून आणला आणि चुकला म्हणून कोपऱ्यात टाकला. माझ्या अंगातली काळी माती अजून निघत नाही. पोरानं परत मशिनपाशी उभं राहू नये असं वाटतं. तुम्ही त्याला समजावून सांगा."

नमस्कार.

पत्र पाठवून चार दिवसांनी तुम्ही मुलाला घेऊन आलात, बाहेरच्या बाकावर बसलात आणि आत आम्ही दोघं तासभर बोललो. तुम्ही सांगितलं होतं तसं मी त्याला समजावलं नाही. जाताना तुमचा चेहरा पडलेला दिसला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुलानं पिशवीतून तो स्पिंडल काढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तेलाचा हात फिरवलेला. वाया गेलेल्या वस्तूला कुणी तेल लावत नाही, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. मग त्यानं वही काढली.

स्पिंडलवर बेअरिंग बसायची जागा, म्हणजे सीट, ३० मिलिमीटरची. तिथं ३०२०६ नंबरचं टेपर रोलर बेअरिंग घट्ट बसायला हवं, म्हणजे साइज ३० च्या वर दोन ते पंधरा मायक्रॉन इतकीच पाहिजे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. दुकानात टर्नरनं, म्हणजे लेथवरच्या कारागिरानं, मायक्रोमीटर लावून "बरोबर तीस, वर थोडं" असं दाखवलं. घरी आणल्यावर बेअरिंग हातानं सरकायला लागलं. पोरानं शेजारच्या वर्कशॉपमधून मायक्रोमीटर उसना आणला, मोजलं, तर २९.९९ सुद्धा भरेना. वहीत त्यानं लिहिलंय: "संध्याकाळी मापलं. सकाळी परत मापलं. तेच." आणि त्याखाली: "दुकानात गरम असताना मापला काय?"

इथवर कुणीही हुशार पोरगा येईल. पुढं त्यानं काय केलं बघा. पातेल्यात पाणी उकळलं, स्पिंडलचं ते टोक त्यात बुडवून ठेवलं, काढून पुसलं आणि लगेच मोजलं. मायक्रोमीटरचं एक घर, म्हणजे दहा मायक्रॉन, आणि वर थोडं, इतकी साइज वाढली. गार झाल्यावर पुन्हा जागेवर. पुसून मोजेपर्यंत तो थोडा निवणारच, तेवढं धरलं की हिशेब बसतो. स्टीलचा ३० मिलिमीटरचा दांडा ४० अंशांनी तापला की साधारण चौदा मायक्रॉननं फुगतो. कट घेतल्या घेतल्या गरम जॉब, म्हणजे मशिनवरचा तुकडा, मापला की हमखास फसगत. म्हणूनच जगभरात मोजमाप २० अंश सेल्सिअसला धरतात आणि मापं तपासायच्या खोल्यांना एसी असतो, माणसांसाठी नव्हे, लोखंडासाठी. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. घरातलं पातेलं खराब झालं असेल तर वहिनींची माफी मी मागतो.

टर्नर त्याला म्हणाला होता, "दोन-चार पंच मार सीटवर, बसतंय घट्ट." पंचानं ठोकून कडा वर उचलायच्या, आपल्याकडं हे सर्रास चालतं, तुम्हालाही ठाऊक असेल. पोरानं मारले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाला, "बेअरिंग चार टोकांवर टेकणार, ती टोकं दबली की परत सैल. आणि वाकडं बसलं तर कळणार पण नाही."

मी स्वतः डिप्लोमा करून चार वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत. पहिल्याच वर्षी एक डाय ब्लॉक मी उलट्या बाजूनं मोजून खराब केला आणि कुणाला न सांगता भंगाराच्या ढिगाखाली दडवला. तुमच्या मुलानं चुकलेला तुकडा तेल लावून अनोळखी माणसापुढं ठेवला. या धंद्यात मला एवढी एकच गोष्ट बघायची असते.

आता त्याला काय येत नाही तेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सरांनी नुसतंच कौतुक केलं. मी विचारलं, "दोन्ही बेअरिंगच्या सीट एका सेटिंगमध्ये झाल्या का?" गप्प बसला. मग म्हणाला, "एक बाजू झाल्यावर चकात उलटा धरला." म्हणजे साइज बरोबर आली असती तरी दोन्ही सीटचा मध्य एका रेषेत आला नसता. थ्री-जॉ चकात, म्हणजे जॉब धरणाऱ्या तीन जबड्यांच्या पकडीत, जॉब उलटा धरला की थोडाफार हलतोच. दोन्ही टोकांना सेंटर मारून, दोन सेंटरमध्ये धरून, मिलिमीटरचे तीन-चार दशांश माल राखायचा आणि शेवटी ग्राइंडिंगला द्यायचं, हा रस्ता. बोलता बोलता तो माझ्याच पेन्सिलीनं वहीत आकृती काढायला लागला. शिवाय त्याच्या ड्रॉइंगवर नुसता "३०" लिहिलाय, टॉलरन्स, म्हणजे माप किती कमीजास्त चालेल ते, कुठंच नाही. त्यामुळं १,४०० रुपयांतली निम्मी चूक टर्नरची आणि निम्मी ह्याची, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याला ते आवडलं नाही.

त्यानं एक प्रश्न मात्र असा विचारला की मी खुर्ची पुढं ओढली. "सर, लेथ करायला लेथ लागतो. मग पहिला चांगला लेथ कशावर केला?" इंग्लंडात १८०० च्या सुमाराला हेन्री मॉडस्ले नावाच्या कारागिरानं अचूक आटे पाडणारा लेथ उभा केला. त्याच्याच कारखान्यात शिकून गेलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं सपाट पृष्ठ बनवायची पद्धत पुढं सगळीकडं नेली. तीन प्लेट घ्यायच्या. रंग लावून एकमेकींवर घासायच्या आणि जिथं रंग उमटतो तो उंचवटा खरवडायचा. दोनच प्लेट घेतल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही जोडी जमते. पण आलटूनपालटून तिन्ही एकमेकींशी जुळल्या, तर तिन्ही सपाटच असणार, दुसरा पर्यायच नाही. कुठलंही भारी मशिन न वापरता नुसत्या हातानं अचूकपणा तयार होतो तो असा. हे ऐकून पोरगा इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं कंटाळला. मग म्हणाला, "म्हणजे क्रॉस स्लाइड मी खरवडून करू शकतो." क्रॉस स्लाइड म्हणजे लेथवरचं हत्यार आडवं सरकवणारा भाग.

आता तुमच्या धास्तीकडं येतो. ती खोटी नाही. २२ वर्षं वाळू, धूळ आणि उष्णता सोसलेल्या माणसानं पोराला त्यापासून लांब ठेवायचं म्हटलं तर मी कोण नाही म्हणणार? पण फौंड्री आणि टूलरूम यांच्यात शिरोली ते पन्हाळा इतकं अंतर आहे. टूलरूममध्ये साचे, डाय, जिग, फिक्स्चर बनतात, गेज तपासतात. उभं राहावं लागतं, डोळे शिणतात, पण छातीत वाळू जात नाही.

मशिनपाशी उभं राहणारे सगळे सारखेच, ही समजूतही सोडा. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवर, जॉब लावायचा, दार ओढायचं आणि बटण दाबायचं, असं काम करणारी शेकडो पोरं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत आहेत. त्यांच्या जागी उद्या दुसरा येतो, त्यामुळं पगारही तसाच. त्याच मशिनचं सेटिंग करणारा, फिक्स्चर आखणारा, साइज का पळतेय हे शोधून काढणारा माणूस मात्र मालकाला सहजासहजी सोडवत नाही. तुमचा मुलगा पहिल्या प्रकारात गेला तर दोन वर्षांत विटेल. दुसऱ्या प्रकारासाठी लागणारी चिकाटी त्याच्याकडं आहे, शिक्षण अजून नाही.

मुलं मला म्हादबा मेस्त्रींचं उदाहरण देतात, शाळेच्या शिक्षणावाचून केवढं उभं केलं म्हणून. खरं आहे, कोल्हापूरच्या इंजिनिअरिंगचा पाया अशाच हातांनी घातला. पण आज मालाबरोबर तपासणीचा कागद मागणारं गिऱ्हाईक आहे. टॉलरन्स, त्रिकोणमिती, धातूंचे गुणधर्म हे शिकावंच लागतं.

म्हणून माझं मत: दहावीवर मेकॅनिकल डिप्लोमा, तीन वर्षं. आपल्या शासकीय तंत्रनिकेतनापासून सुरुवात करून फॉर्ममध्ये पसंतीक्रम भरा. सीईटी लागत नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश होतो. तुम्ही विचारलंत, "मग इंजिनिअर कधी होणार?" अकरावी-बारावीची दोन आणि डिग्रीची चार, अशी सहा वर्षं. डिप्लोमाची तीन आणि मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन तीन, हीसुद्धा सहाच. एक वर्षही वाया जात नाही. फरक इतकाच की पहिल्या रस्त्यावर हा मुलगा दोन वर्षं लेथला हात न लावता पाठांतर करणार. करेलही कदाचित, गणितात त्याला ८८ आहेत. पण त्यानं ते करावं असं मला वाटत नाही.

दुसरा रस्ता छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूमचा, टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा. काम हातानं करून घेतात, शिस्त कडक. मुलाचा ओढा बघता मन मला तिकडंच घेऊन जातं, पण घरापासून लांब आहे आणि खर्चाचा विचार तुम्हालाच करायचाय. प्रवेश परीक्षा असते, मुदतीची चौकशी लगेच करा.

आयटीआयला तुम्ही नाक मुरडलंत ते मला पटलं नाही. कळंब्याच्या आयटीआयतून टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन, दोन वर्षांनी थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हात तयार होऊन वर्गात बसलेला मुलगा मास्तरांना लगेच ओळखू येतो. पहिल्या दोन्ही ठिकाणी जमलं नाही तर हा रस्ता कमीपणाचा मानू नका.

क्लासचा हप्ता मात्र थांबवा. अकरावीचा फॉर्म भरून ठेवा, डिप्लोमाचाही भरा, याद्या लागू देत. भरलेली फी परत मिळवताना पालकांचे काय हाल होतात ते मी दरवर्षी बघतो.

शेडाबद्दल दोन गोष्टी, यात तडजोड नको. मोटारला अर्थिंग आहे का ते वायरमन बोलावून बघून घ्या. मुलगा त्यादिवशी फुल बाह्यांचा शर्ट घालून आला होता, तसा मशिनवर उभा राहू देऊ नका. बाह्या वर, हातात मोजे नकोत, डोळ्याला चष्मा, आणि चकाची चावी चकात ठेवून हात काढायचा नाही. चावी आणि हात एकदमच बाहेर आले पाहिजेत. घरचा लेथ छोटा असला तरी बाही ओढायला तेवढा पुरतो.

शेवटचं, आणि हे फक्त तुमच्याशी. त्यानं बेड, म्हणजे लेथचा खालचा पाया, एमएस चॅनल (साध्या स्टीलचे पन्हाळी दांडे) वेल्डिंग करून केलाय. वेल्डिंगनं तो ओढला गेलाय, वर सरळपट्टी ठेवली की मधून उजेड दिसतो. आणि चॅनलवर कंप दबत नाही, जॉबवर लाटा उठणार. त्यावर तो कितीही अचूक स्पिंडल बसवू दे, हा लेथ नीट चालणार नाही. बेड बिडाचाच हवा. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, कसा करायचा, मीटरमागं दहा मिलिमीटर आकुंचन धरलं तर ६०० च्या बेडला किती वाढवायचं, मशिनिंगला माल किती सोडायचा, पातळ भाग आधी गार झाला की कास्टिंग कुठल्या बाजूला वाकतं, पहिला कट घेतल्यावर ते काही दिवस तसंच का ठेवायचं, यातलं त्याला काहीही माहीत नाही. मला वाचून माहीत आहे. तुम्ही हे २२ वर्षं हातानं केलंय.

मी त्याला म्हटलं, "पप्पांना विचार की." तर म्हणाला, "पप्पा घरी फौंड्रीचं बोलत नाहीत."

मालकांशी बोलून, रीतसर पैसे भरून, एखाद्या हीटच्या, म्हणजे भट्टीच्या एका ओतीच्या, शेवटी तेवढा साचा ओतून घेता येईल का बघा. पॅटर्नचं लाकूड निवडायला त्यालाच घेऊन जा.

आणि तो स्पिंडल माझ्या टेबलावरच राहिलाय. रविवारी सकाळी मी ऑफिसात आहे, दोघं येऊन घेऊन जा. सीट २५ वर उतरवून दुसऱ्या कशाला वापरता येईल असं तो म्हणत होता.